रिकामी राहिलेली शब्दकोडी: ९३ वर्षांच्या एका आजींचं प्रकरण

मी वृद्धांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आमच्या हातून जे चुकलं, तेही यात आहे.

पार्श्वभूमी

आजींचं वय ९३. प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवलेलं. मुलगा ६८ वर्षांचा, सून ६४ ची, तिघं एकत्र राहतात. नात दुसऱ्या गावी नोकरी करते, पण दर रविवारी फोन करतेच.

आजी घरात काठी न घेता चालायच्या. आंघोळ, कपडे, केस स्वतःचे स्वतः. ऐकू कमी यायचं. कानातलं यंत्र चार वर्षांपूर्वी घेतलं होतं, पण ते कपाटाच्या खणातच असायचं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो 'या वयात कशाला' म्हणून राहून गेला होता. गेली दोनेक वर्षं त्या तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या, भाचरांच्या नावांत गल्लत करायच्या. बँकेचे व्यवहार त्यांनी आपण होऊन मुलाच्या हाती दिले होते. म्हणजे स्मरणशक्ती थोडी घसरलेली होतीच, आणि पुढचं सगळं वाचताना ते विसरून चालणार नाही.

रोजचं एक काम मात्र चुकत नसे. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कापायचं, वहीत चिकटवायचं, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घालायची आणि भिंग धरून सोडवायचं. ही वही या प्रकरणात फार उपयोगी पडली.

काय घडलं

मुलगा, सून आणि सुट्टी टाकून आलेली नात अशी तिघं आजींना चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन आली. आजी दिवसभर गुंगीत असायच्या. हाक मारली की डोळे उघडायच्या, दोन शब्द बोलायच्या, पुन्हा मान खाली. रात्री मात्र जाग्या. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या बहिणीला हाका मारायच्या, पलंगावरून उतरायला बघायच्या. आदल्या रात्री त्यांनी सुनेला विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" हे सांगताना सुनेचा आवाज फुटला. एकतीस वर्षं दोघी एका घरात होत्या.

"डॉक्टर, वय झालंय आता," मुलगा म्हणाला. "फार तपासण्या नकोत. रात्री सगळ्यांना झोप लागेल असं काहीतरी द्या." नऊ रात्रींचं जागरण त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. आईचा कंटाळा आलेल्या माणसाचं हे बोलणं नव्हतं. काही करता येईल अशी आशाच त्यांना उरली नव्हती.

मी आजींना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. हजारो मुलांकडून वार पाठ करून घेतलेली बाई. "रविवार, शनिवार..." म्हणाल्या, मग पडद्याकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शनिवार. मुलं आली का सगळी?" आणि डोळे मिटले.

पहिला निर्णय: हा कुठला आजार?

घरातल्या दोघांनी मला दोन वेगळ्या हकिकती सांगितल्या. मुलगा म्हणाला, "दोन वर्षांपासून विसरतेय, आता वाढलंय." नात म्हणाली, "अहो, मागच्याच्या मागच्या रविवारी आजीने मला फोनवर कोड्यातला शब्द विचारला होता." दोघंही खरं बोलत होते. रोज बघणाऱ्याला हळूहळू झालेला बदल दिसतो आणि अचानक झालेला त्यातच मिसळून जातो. आठवड्यातून एकदा बोलणाऱ्याला मात्र कडा स्पष्ट दिसते.

नातीने पिशवीतून वही काढली. पाच आठवड्यांपूर्वीची पानं पूर्ण भरलेली, अक्षर शिक्षिकेचं, चौकटीत नेमकं. तीन आठवड्यांपूर्वीपासून दोन-तीन शब्द रिकामे. दहा दिवसांपूर्वीच्या पानावर अक्षरं चौकटीबाहेर उतरलेली. त्यानंतरच्या पानावर 'वसंत' हा एकच शब्द चार ठिकाणी लिहिलेला, तारीख नाही. पुढची कोडी कुणीतरी चिकटवून ठेवलेली, पण कोरी.

दोन वर्षांची घसरण अशी दिसत नाही. डिमेन्शियाला, म्हणजे बुद्धी हळूहळू ढळण्याच्या आजाराला, महिने आणि वर्षं लागतात. इथे सगळं तीन आठवड्यांत घडलं होतं, त्यातही शेवटचे दहा दिवस कडेलोटाचे. अचानक सुरुवात, दिवसभरात कमीजास्त होणं, लक्ष न टिकणं आणि गुंगी किंवा असंबद्ध बोलणं: डिलिरियम, म्हणजे दुखण्याने किंवा औषधाने अचानक हरपलेलं भान, ओळखायची ही खूण शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. आजींमध्ये यातलं सगळं होतं.

आपल्या जुन्या बोलीत यासाठी दोन वेगळे शब्द होते. तापात माणूस बरळायला लागला की म्हणायचे 'वात झाला', आणि म्हातारपणी बुद्धी हळूहळू ढळली की 'म्हातारचळ'. वात येतो आणि मूळ दुखणं हटलं की उतरतो, हे तेव्हाच्या घरांतल्या बायकांना ठाऊक होतं. 'म्हातारचळ' हा शब्द मला कठोर वाटतो, तो परत यावा असं मुळीच नाही. पण दोन अवस्थांना दोन नावं असणं कामाचं होतं. आता दोन्हींना मिळून आपण 'वय झालं' म्हणतो आणि तिथेच थांबतो.

डिलिरियमचा आरडाओरडा करणारा प्रकार सगळ्यांच्या लक्षात येतो. गुपचूप पडून राहणारा, गुंगीतला प्रकार अतिवृद्धांमध्ये वारंवार दिसतो आणि तोच निसटतो, कारण शांत पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची कुणी तक्रार करत नाही.

दुसरा निर्णय: कारण कुठे शोधायचं?

मी घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगते. यादी नको, पिशवीच हवी. नातीने ती टेबलावर रिकामी केली आणि प्रत्येक गोळी कधीपासून सुरू झाली ते आम्ही वहीच्या तारखांशेजारी लिहीत गेलो.

रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन बरीच वर्षं चालू होतं. त्याने घोट्यांशी सूज येते. ती सूज आली म्हणून पाच आठवड्यांपूर्वी लघवी वाढवणारी गोळी, हायड्रोक्लोरोथायझाइड, सुरू झाली. खरं तर अ‍ॅम्लोडिपिनची सूज रक्तवाहिन्या सैलावल्याने येते, अंगात पाणी साठल्याने नाही. त्यामुळे अशा गोळीचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. या गोळीने लघवीची घाई वाढली, दोनदा कपडे ओले झाले. आजींना त्याची फार लाज वाटली. मग तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी मूत्राशय शांत करणारी गोळी दिली, ऑक्सिब्युटिनिन. त्यांना आधीच्या गोळीची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. नव्या गोळीने तोंड कोरडं पडलं, शौचाला होईना.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण चष्म्याचं घर उघडताना नातीला त्यात सर्दीच्या गोळ्यांची पट्टी सापडली. दहातल्या सहा संपलेल्या. सर्दी झाली म्हणून आजींनी स्वतःच घेतल्या होत्या. त्या गोळीत क्लोरफेनिरामाइन होतं. पहिल्या गोळीची तारीख कुणाला सांगता आली नाही, पण सर्दी साधारण दहा दिवसांपूर्वीची होती.

ऑक्सिब्युटिनिन आणि क्लोरफेनिरामाइन ही दोन्ही औषधं अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाला अडवतात. लक्ष एकाग्र करणं आणि नवीन गोष्ट मनात नोंदवणं यांसाठी मेंदूला हेच रसायन लागतं. नव्वदीतल्या मेंदूत ते तयार करणाऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात, शरीरातून औषध बाहेर पडायलाही वेळ लागतो. तिशीतल्या माणसाला ज्या गोळीने नुसती झोप येते, तीच नव्वदीतल्या माणसाचं भान नेऊ शकते. ही गोष्ट नवी नाही. मार्क बीअर्स यांनी वृद्धांसाठी धोक्याच्या औषधांची यादी १९९१ मध्ये केली, तिच्या सुधारित आवृत्त्या निघत आल्या आहेत आणि त्यांत ही दोन्ही औषधं आहेत.

एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं, मग त्याच्यावर तिसरं, अशी ही साखळी. प्रत्येक डॉक्टरने आपल्यासमोरच्या तक्रारीपुरतं बरोबरच केलं होतं. सगळ्या कड्या एका टेबलावर मात्र कधी आल्या नव्हत्या.

कोणते पर्याय समोर होते

तपासणीत पोट खाली टम्म लागलं. सोनोग्राफीत मूत्राशयात सुमारे ७०० मिली लघवी तुंबलेली. रक्तातलं सोडियम १२१, जे १३५ ते १४५ असायला हवं. उभं केल्यावर रक्तदाब ९६ वर उतरत होता. कानांत मळ घट्ट बसलेला. सहा दिवसांपूर्वी पलंगावरून उठताना त्या खाली बसल्या होत्या, डोक्याला लागल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

घरी ठेवायचं की दाखल करायचं? माझा कल एरवी घराकडे असतो. अनोळखी खोली, रात्रीचे दिवे, बेडला खिळून राहणं, या सगळ्याने डिलिरियम वाढतो. आजींना घरात निदान भिंती तरी ओळखीच्या होत्या. पण सोडियम १२१ आणि शुद्ध हरपलेली, हे घरी सांभाळायचं काम नव्हतं. सोडियम फार भराभर वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत साधारण आठच्या वर चढू द्यायचं नाही आणि त्यासाठी दर काही तासांनी रक्त तपासायचं. आम्ही दाखल करायचं ठरवलं, पण एका अटीवर: घरातलं कुणीतरी चोवीस तास शेजारी राहील.

डोक्याचा स्कॅन करायचा का? मुलाला तो नको होता. मी आग्रह धरला. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, कवटी आणि मेंदूमधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ पडण्यानेही त्यांतून हळूहळू रक्त साचू शकतं. असं रक्त सापडलं तर उपचारांची दिशाच बदलते. निकालाने निर्णय बदलणार असेल तरच नव्वदीत तपासणी करावी, असं मी मानते. इथे तो बदलणार होता.

प्रतिजैविकाचा प्रश्न वादाचा ठरला. आधीच्या तपासणीत लघवीत जंतू सापडले होते आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. अतिवृद्ध स्त्रियांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. ताप नाही, जळजळ नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत. नुसत्या गोंधळलेपणावर जंतूंचा शिक्का मारला की खरं कारण शोधायचं थांबतं. आम्ही गोळ्या बंद केल्या, दर चार तासांनी ताप बघत राहिलो. माझ्या सहकाऱ्याला हे पटलं नव्हतं आणि त्याची भीती अस्थानी नव्हती. ताप आला असता तर मीच पुन्हा सुरू केल्या असत्या.

काय केलं

ऑक्सिब्युटिनिन, सर्दीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी त्याच दिवशी बंद. अ‍ॅम्लोडिपिन निम्मं. नळी घालून लघवी मोकळी केली, एनिमा देऊन पोट साफ केलं. सोडियम दुसऱ्या दिवशी १२७, तिसऱ्या दिवशी १३१.

याहून जास्त मेहनत साध्या गोष्टींनी घेतली. कानांतला मळ काढला, खणात पडलेल्या यंत्रात नवी बॅटरी घालून ते कानात बसवलं. चष्मा पुसून डोळ्यांवर. पलंगाची जागा बदलून खिडकीजवळ. दिवसा तीन वेळा खुर्चीत बसवून चार पावलं चालवायचं, रात्री दिवे मंद, रक्तदाब मोजायला उठवायचं नाही. इनोये यांच्याच गटाने १९९९ मध्ये ८५२ रुग्णांवर असा प्रयोग करून दाखवला होता. अशी काळजी घेतलेल्यांत डिलिरियम ९.९ टक्के, नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के. तो प्रयोग डिलिरियम टाळण्यासाठी होता, झालेला उतरवण्यासाठी नाही. पण ज्यामुळे तो येतो ते सगळं काढून टाकायचं, एवढं तर्काला धरूनच आहे.

नातीने आपल्या मनाने एक गोष्ट केली. दर वेळी आजींनी डोळे उघडले की ती सांगायची, "आजी, मी आहे. आज गुरुवार. तुम्ही दवाखान्यात आहात, औषधाने त्रास झाला होता, उतरतोय." बहिणीबद्दल आजींनी विचारलं की ती वाद घालत नसे. "मावशीआजींची आठवण येतेय ना?" म्हणायची आणि हात धरायची.

दुसरी रात्र

रात्री दोन वाजता आजींनी सलाइनची सुई उपसली आणि पलंगावरून पाय खाली टाकले. ड्यूटीवरच्या नर्सने फोन केला. तिच्याकडे आणखी अकरा पेशंट होते. ती म्हणाली, "मॅडम, हॅलोपेरिडॉल देऊ का? नाहीतर हात बांधावे लागतील."

त्या क्षणी होकार देणं फार सोपं असतं. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरचं, माणसाला शांत करणारं औषध. त्याची अगदी लहान मात्रा कधीकधी द्यावी लागते, म्हणजे माणूस स्वतःला इजा करून घेणार असेल किंवा अतोनात भेदरला असेल तेव्हा. पण त्याने डिलिरियम लवकर उतरत नाही. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, आणि त्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठळक इशारा लावला आहे: गटातल्या नव्या औषधांवर २००५ मध्ये, हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवर २००८ मध्ये. हात बांधले की माणूस आणखी झुंजतो.

मी विचारलं, "त्यांना जायचं कुठे आहे?" नर्सने विचारून सांगितलं, "बाथरूमला म्हणतायत." लघवीची नळी टोचत होती. त्यांना वाटत होतं लघवीला जायचंय, आणि सगळे मिळून त्यांना अडवत होते. सलाइन थांबवलं, कारण रात्रीपुरतं ते लागणार नव्हतं. सुनेने त्यांना धरून बाथरूमपर्यंत नेलं आणि परत आणलं. त्या पहाटेपर्यंत झोपल्या. गोळी दिली नाही.

नळी मात्र मी त्या रात्री काढायला हवी होती. ती आणखी तीन दिवस राहिली.

स्कॅनचा रिपोर्ट

रक्त साचलेलं नव्हतं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की मेंदू सर्वत्र आकसलेला आहे. मुलाने ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे डिमेन्शियाच ना?"

आम्ही बराच वेळ बोललो. नव्वदीत मेंदूचं चित्र आणि माणसाची बुद्धी यांची सांगड सैल असते. अमेरिकेतल्या नन्सवर डेव्हिड स्नोडन यांनी केलेल्या अभ्यासात सिस्टर मेरी होत्या. १०१ व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण, आणि मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर. नेदरलँड्समधल्या हेंड्रिक्ये व्हान आन्डेल-शिपर ११५ व्या वर्षी २००५ मध्ये गेल्या. त्यांची बुद्धी शाबूत होती आणि मेंदूत अशा खुणा जवळजवळ नव्हत्या. एकीचा मेंदू खुणांनी भरलेला, दुसरीचा जवळजवळ कोरा, पण दोघी शहाण्या. क्लॉडिया कावास यांनी २००३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या नव्वदीपुढच्या लोकांच्या अभ्यासातही, डिमेन्शिया असलेल्या अनेकांच्या मेंदूत तो समजावून सांगण्याइतक्या खुणा सापडल्या नाहीत. म्हणून एका वाक्याच्या रिपोर्टवरून आजींबद्दल काही ठरवू नका, असं मी सांगितलं.

दुसरी बाजूही सांगितली. त्याच अभ्यासात ९० ते ९४ वयात दरवर्षी सुमारे १३ टक्के लोकांना नव्याने डिमेन्शिया होतो, शंभरीनंतर हे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवर जातं. फिनलंडमधल्या व्हान्टा इथल्या ८५ वर्षांवरच्या लोकांमध्ये, डिलिरियम होऊन गेलेल्यांना पुढे डिमेन्शिया होण्याची शक्यता आठपटीहून जास्त आढळली. आजींचं विसरणं खरं होतं. हा वात उतरला तरी त्या दोन वर्षांपूर्वीच्या आजी होणार नाहीत, कदाचित महिन्यापूर्वीच्याही नाहीत. नात रडली. पण नंतर तीच म्हणाली की बरं झालं आत्ता कळलं.

तिसरा निर्णय: स्मरणशक्तीची गोळी

चौथ्या दिवशी आमच्या एका शिकाऊ डॉक्टरने आजींची स्मरण-चाचणी घेतली. तीसपैकी १४ गुण आले आणि फाइलवर शेरा पडला: 'मध्यम डिमेन्शिया'. यंत्र तेव्हा कानात नव्हतं, नुसतं टेबलावर पडलेलं. डिलिरियम उतरत असताना ही चाचणी घेण्यात अर्थच नसतो, कारण ती त्या दिवशीचं लक्ष मोजते, स्मरणशक्ती नाही. तरी मी तो शेरा त्याच दिवशी खोडला नाही, आणि तो डिस्चार्जच्या कागदावर उतरला.

तो वाचून मुलाने डोनेपेझिल मागितलं. ते मी टाळलं. एक तर निदान झालेलं नव्हतं. दुसरं म्हणजे या गोळीने नाडी मंदावते, वजन उतरतं आणि लघवीची घाई वाढते. घाई वाढली की कुणीतरी पुन्हा मूत्राशय शांत करणारी गोळी देणार. एक औषध अ‍ॅसिटिलकोलीन वाढवणारं, दुसरं ते अडवणारं, आणि आजी मध्ये. बारा आठवडे थांबू, मग शांत वेळी, यंत्र कानात घालून, मोठ्या अक्षरांत पुन्हा चाचणी घेऊ, असं ठरलं.

निकाल

आठव्या दिवशी आजी घरी गेल्या. तेव्हा दिवसा जाग्या होत्या, सुनेला नावाने हाक मारत होत्या, रात्री अजून गोंधळ होता. पूर्ण उतरायला पाच आठवडे लागले. नव्वदीपुढे याला आठवडे लागतात, कधी महिनेही, आणि हे मी आधी नीट सांगितलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात सुनेचा फोन आला, "आई अजून रात्री बरळतात. काही राहिलंय का?" काही राहिलं नव्हतं, वेळ लागत होता.

बारा आठवड्यांनी २४ गुण. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले तर एकही आठवला नाही, बाकी भाषा, लक्ष, आकडेमोड चांगली. रोजची कामं त्या स्वतः करत होत्या, गोळ्यांचा डबा मात्र सुनेने भरायचा. आम्ही याला सौम्य बोधात्मक ऱ्हास म्हटलं, म्हणजे विसरणं आहे, पण डिमेन्शिया म्हणण्याइतकं नाही. मूळ कारण अल्झायमर असेल किंवा ऐंशीनंतर दिसणारा टीडीपी-४३ या प्रथिनाचा आजार असेल, त्याच्या मागे लागलो नाही. कळून उपचार बदलणार नव्हते. जुन्या फाइलवरचा शेरा लेखी दुरुस्त केला. त्याला तीन पत्रं लागली.

चालणं पूर्वीइतकं परत आलं नाही. आता वॉकर लागतो. लघवीची घाई लघवी वाढवणारी गोळी बंद झाल्यावर निम्मी कमी झाली, उरलेली दर दोन तासांनी आठवणीने जाण्याने आटोक्यात आहे. घोट्यांना थोडी सूज आहे. ती तशीच राहू दिली आहे, पाय उशीवर ठेवले की पुरतं.

नवव्या महिन्यात फ्लू झाला आणि पुन्हा वात झाला. या वेळी सुनेने पहिल्याच संध्याकाळी फोन केला: "आई वार उलटे म्हणताना अडकल्या." घरीच सांभाळलं, सहा दिवसांत उतरला.

पुन्हा अशी वेळ आली तर

नळी दुसऱ्याच दिवशी काढून बघेन. आजींचं चालणं कमी झालं त्यात त्या तीन दिवसांचा वाटा आहे, असं मला वाटतं. डिलिरियम असताना गुणांची चाचणी घेऊ देणार नाही, आणि घेतलीच तर त्यावर निदान लिहू देणार नाही. घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगेन की आठवडे लागतील, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात त्यांना आपलं काही चुकलं असं वाटणार नाही.

आणि पहिला प्रश्न बदलेन. मी विचारलं होतं, "विसरणं कधीपासून आहे?" त्याला उत्तर मिळालं, दोन वर्षं. मी विचारायला हवं होतं, "महिन्यापूर्वी या दिवशी त्या काय करत होत्या?" नात आली नसती आणि ती वही आणली नसती, तर मी मुलाची हकिकत घेऊन पुढे गेले असते का, हा प्रश्न मला अजून सतावतो. प्रत्येक घरात तारखा घातलेली वही नसते. पण फोनमध्ये फोटो असतात, आवाजाचे संदेश असतात. हल्ली मी तेच मागते: महिन्यापूर्वीचा त्यांचा बोलतानाचा एक व्हिडिओ दाखवा.

यंत्र चार वर्षं खणात का होतं, हेही मी आधी विचारलं नाही. आजींनी नंतर सांगितलं. कानात घातल्यावर शिट्टी वाजायची, आणि तक्रार केली तर पैसे वाया गेले असं मुलाला वाटेल म्हणून त्या बोलल्या नाहीत. साचा बदलल्यावर शिट्टी थांबली. ऐकू न येणं हा डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी मोठा धोका मानला जातो. लान्सेटच्या २०२४ च्या अहवालातल्या चौदा धोक्यांत तो आहे, आणि दिसण्यातला दोष त्या यादीत त्याच वर्षी नव्याने आला. ९३ व्या वर्षी यंत्र घातल्याने पुढचा ऱ्हास किती थांबेल, याचा आकडा मी देऊ शकत नाही. पण आजी पुन्हा जेवताना सगळ्यांशी बोलतात, एवढं कारण मला पुरेसं आहे.

सध्या

आजी ९४ पूर्ण झाल्या. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचा विषय पुन्हा निघाला. मुलगा घाबरलेला आहे: दवाखाना, औषधं, पुन्हा तसंच झालं तर? शस्त्रक्रिया न करण्यातला धोका असा की नजर आणखी मंदावेल, पडण्याची शक्यता वाढेल, कोडी सोडवणं बंद पडेल. करण्यातला धोका डोळ्यापुरता लहान आहे, पण झोपेचं इंजेक्शन दिलं तर मोठा. थेंबांनी बधिर करून, गुंगीशिवाय, त्याच दिवशी घरी, अशी सोय होऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी पत्र लिहिलं: कोणती औषधं चालणार नाहीत, यंत्र कानातून काढायचं नाही, आणि नात शेजारी बसेल.

निर्णय आजींनी घ्यायचा होता. मी शक्यता समजावल्या, दोनदा, आठवड्याच्या अंतराने, कारण पहिली भेट त्यांच्या लक्षात राहणार नव्हती. दोन्ही वेळा त्यांचं उत्तर तेच आलं: "करा. उभे शब्द दिसतात मला, आडवे धूसर होतात."

शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी सकाळी पहिल्या वेळेला आहे.